कै. नीला हिचा मृत्यू सतरा वर्षांनी नोंदविण्याबाबत

प्रति,
मा. न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग,
एरंडोल, जिल्हा जळगाव,
महाराष्ट्र राज्य.

अर्जदार : सौ. चंद्रप्रभा बळवंत रणदिवे, वय ३५, धंदा घरकाम, राहणार सरकारी क्वार्टर, नेताजी नगर, नवी दिल्ली.

विषय : अर्जदाराची थोरली मुलगी नीला ही दि. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मौजे पिंपळवाडे, ता. एरंडोल येथे मयत झाली, त्याची नोंद करण्याचा हुकूम दि. २६ नोव्हेंबर १९७८ पूर्वी मिळणेबाबत.

संदर्भ : (१) जन्ममृत्यू नोंदणीचा सन १९६९ चा कायदा. (२) मुलीच्या लग्नाचे किमान वय अठरा वर्षे करणारी, दि. १ ऑक्टोबर १९७८ पासून अमलात आलेली दुरुस्ती.

महोदय,

आपल्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसांनी अर्जदाराला सांगितले होते की, "बाई, याला चार ओळी पुरतात. मयताचं नाव, तारीख, गाव, आणि नोंद अनवधानानं राहून गेली, माफी असावी." परंतु आतल्या कारकुनांनी तो चार ओळींचा कागद परत केला. सतरा वर्षे उशीर का झाला आणि आताच नोंद का हवी, याचा खुलासा असल्याशिवाय अर्ज साहेबांपुढे ठेवता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ते रास्तच आहे. सबब अर्जदार दिल्लीस परत येऊन सर्व हकिगत स्वतःच लिहून काढीत आहे. नोंद अनवधानाने राहिलेली नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

१. अर्जदाराचा जन्म सन १९४३ मधला, पिंपळवाडे येथीलच. वडील कै. शांताराम हे तेथे शेती करीत. सन १९५९ च्या वैशाखात अर्जदार नववीची परीक्षा देऊन सुट्टीत घरी आली, आणि त्याच सुट्टीत तिचे लग्न झाले. तेव्हा तिला सोळावे चालू होते. त्या वेळच्या कायद्यात मुलीला पंधरा वर्षे पुरत होती, त्यामुळे कोणाचेच काही चुकले नव्हते. यजमान श्री. बळवंत रणदिवे हे दिल्लीस संरक्षण मंत्रालयात कारकून होते. त्यांच्याबरोबर अर्जदार नेताजी नगरच्या क्वार्टरमध्ये राहावयास आली. शेजारणींशी हिंदी बोलता येत नसल्याने पहिले वर्षभर ती भाजीवाल्याला बोटाने दाखवूनच भाजी घेत असे.

२. दि. ११ सप्टेंबर १९६० रोजी दिल्लीच्या सरकारी प्रसूतिगृहात मुलगी झाली. इस्पितळाने नियमाप्रमाणे जन्माची वर्दी दिली आणि नगरपालिकेचा दाखला मिळाला. बारसे व्हायचे असल्याने दाखल्यावर नाव नाही. "स्त्री", तारीख आणि आईबापांची नावे, एवढेच आहे. मुलीचे नाव नीला ठेवले.

३. पुढच्या वर्षी दिवाळीसाठी अर्जदार नीलाला घेऊन माहेरी आली. नीला तेव्हा चौदा महिन्यांची होती. धरून धरून चालू लागली होती. आल्यावर तिसऱ्या दिवशी तिला ताप आला, आवाज बसला, गिळताना ती रडू लागली. घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणाल्या, दात येताहेत. अर्जदाराने मान डोलावली. तिला अठरावे लागले होते, आणि लेकराच्या घशात बोट घालून पाहावे, पांढरा पडदा दिसला तर धावत सुटावे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. दोन दिवस ती नीलाच्या गळ्याला गरम तेल चोळीत बसली. तिसऱ्या दिवशी वडिलांनी तालुक्याहून डॉक्टर आणले. डॉक्टरांनी नीलाला उजेडात धरले आणि अर्जदाराकडे पाहून विचारले, "तू बाजूला हो, बाळ. हिची आई कुठे आहे?"

अर्जदाराने सांगितले, "मीच."

घटसर्प आहे, दोन दिवस आधी कळायला हवे होते, हे डॉक्टरांनी वडिलांना ओट्यावर नेऊन सांगितले. दुपारी नीला गेली.

एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत. वडिलांनी तिला धोतरात गुंडाळून शेतात नेले आणि पुरले. अर्जदार मागे धावेल म्हणून घरातल्यांनी तिला माजघरात बसवून बाहेरून कडी लावली. त्यामुळे जागा कोणती, हे तिने पाहिले नाही. गावच्या पाटलांकडे जन्ममृत्यूचे पुस्तक असे. पण त्यात नोंद झाली नाही. पाटील विचारायला आले तेव्हा वडील एवढेच म्हणाले की, पोर दिल्लीची आहे, दिल्लीत नोंदवतील. दिल्लीत यजमान म्हणाले, मृत्यू तिकडे झाला, तिकडे नोंदवला असेल. प्रत्येकाला ते वाक्य दुसऱ्याने लिहावे असे वाटत होते. कोणीच लिहिले नाही.

४. धाकटी मुलगी उल्का हिचा जन्म दि. १९ नोव्हेंबर १९६२ रोजी झाला. ते चीनच्या लढाईचे दिवस. कॉलनीच्या बागेत खंदक खणलेले होते. यजमान तीन दिवस कचेरीतून घरी आले नव्हते. अर्जदाराला वेळेआधी कळा सुरू झाल्या. वाहन मिळेना, तेव्हा समोरच्या क्वार्टरमधल्या अलकनंदाबाई जोग यांनी स्वयंपाकघरात चटई टाकून बाळंतपण केले. जन्म घरी झाल्याने वर्दी कोणी दिली नाही. यजमान चौथ्या दिवशी आले, मुलीला मांडीवर घेतले आणि बसल्या बसल्याच झोपी गेले. पुढे नोंदीचे मागेच पडले.

५. आता ज्या गोष्टीसाठी अर्जदार शिक्षेला पात्र आहे, ती गोष्ट. सन १९६७ च्या जुलैत उल्काला पहिलीत घालायचे होते. पाच वर्षे पुरी हवीत असा शाळेचा नियम होता आणि उल्काला चार महिने कमी पडत होते. मुलगी अंगाने थोराड, वाचायला येणारी. यजमान म्हणाले, वर्ष फुकट जाईल. शिवाय जन्माचा दाखला मागतात, तो हिचा नाहीच. त्यांनी कपाट उघडले, तळाच्या कागदांतून नीलाचा दाखला काढला आणि अर्जदाराच्या हातात दिला. त्यावर नाव नव्हतेच. यजमान कचेरीला गेले. शाळेत अर्जदार गेली. फॉर्मवर 'कु. उल्का, जन्मतारीख ११-९-१९६०' असे तिने स्वतःच्या हाताने लिहिले आणि खाली सही केली. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "सहा वर्षं पुरी झालीत की! मग उशीरच केलात."

तेव्हापासून नीलाची जन्मतारीख उल्काला लागली. ती शाळेच्या रजिस्टरात गेली, रेशनकार्डात गेली, यजमानांच्या कचेरीतल्या कुटुंबाच्या तपशिलात गेली, आणि गेल्या वर्षी दहावीच्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर छापून आली. सरकारदप्तरी पाहू जाता, महोदय, पिंपळवाड्याच्या शेतात पुरलेली मुलगी देवीची लस टोचून घेऊन पहिलीपासून दहावीपर्यंत एकदाही नापास न होता पास झालेली आहे. आणि जी मुलगी अर्जदाराच्या शेजारी बसून जेवते, ती जन्मलेलीच नाही.

६. यजमानांना गेल्या हिवाळ्यात छातीचे दुखणे झाले. एकवीस दिवस ते इस्पितळात होते. घरी आले ते एकच बोलत आले, की मी आहे तोवर उल्काचे मार्गी लागले पाहिजे. जुलैत त्यांनी पानिपतचे स्थळ आणले. घराणे मराठी, तीन पिढ्या उत्तरेत. मुलाचे वडील तेथे कांबळी विणण्याच्या गिरणीत मॅनेजर आणि मुलगा अविनाश, वय अठ्ठावीस, त्याच गिरणीत नोकरीला. हुंडा नको म्हणाले. मुलगा सज्जन दिसतो. कोणाला नाव ठेवण्यासारखे काही नाही, हीच अर्जदाराची खरी अडचण झाली. 'मुलगी लहान आहे' याखेरीज तिच्यापाशी बोलायला काही नव्हते. यजमान म्हणत, "तू नव्हतीस का लहान? झालंच ना सगळं नीट?"



७. दि. १ ऑक्टोबरला सकाळी रेडिओवर मराठी बातम्या लागल्या होत्या. आजपासून मुलीच्या लग्नाला अठरा वर्षे पुरी हवीत, असे त्यात सांगितले. अर्जदार पोळ्या करीत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला वाटले, तिच्या बाजूने बोलणारे कोणीतरी त्या पेटीत येऊन बसले आहे. आजवर जे तिला घरात पटवून देता आले नाही ते दिल्लीतल्या एवढ्या मोठ्या लोकांनी बसून ठरवले होते. ती यजमानांना म्हणाली, "ऐकलंत ना? अजून दोन वर्षं थांबावं लागणार. आता कायदाच आहे."

यजमान दाढी करीत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि आरशातूनच म्हणाले, "कायदा कागद बघतो, प्रभा. कागदावर तिला गेल्या महिन्यात अठरा पुरी झाली."

पोळी करपल्याचा वास आला तेव्हा अर्जदार आत गेली.

८. त्यानंतर अर्जदाराने काय काय केले ते थोडक्यात. पोलीस चौकीवर जाऊन मुलगी अल्पवयीन असल्याचे सांगितले. हेडकॉन्स्टेबलांनी बसायला खुर्ची दिली, कागद मागितले, बोर्डाचे प्रमाणपत्र पाहिले आणि परत दिले. "बहनजी, काग़ज़ में तो लड़की बालिग है। हम क्या करें?" शाळेत मुख्याध्यापकांनी सांगितले की बोर्डाकडे गेलेली तारीख बदलायची तर जन्माचा दुसरा दाखला आणा. दुसऱ्या दाखल्यासाठी ती नगरपालिकेत गेली. तेथील बाबूंनी पुस्तके काढून पाहिली आणि विचारले, मुली किती? अर्जदार म्हणाली, एक. ते म्हणाले, "एक का जनम तो लिखा हुआ है। उसी को दो बार पैदा कैसे करें?" मग अर्जदार म्हणाली, दोन होत्या. तर पहिलीच्या मृत्यूचा दाखला आणा म्हणाले.

लग्नाला कोर्टाचा मनाई हुकूम मिळतो असे ऐकून ती एका वकिलांना भेटली. त्यांनीही सर्व ऐकून घेतले आणि सांगितले, की या साऱ्या कुलपांची किल्ली एकच आहे. थोरली वारल्याचे आधी सिद्ध करा. ती वारली, की तिचा दाखला धाकटीचा नाही हे आपोआप ठरेल.

९. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यास अर्जदार एकटी पिंपळवाड्यास आली. वडील नऊ वर्षांपूर्वी वारले, घर विकले गेले, भाऊ नाही. पाटलांच्या जुन्या पुस्तकात नोव्हेंबर १९६१ ची पाने शाबूत आहेत. त्यांत एक म्हातारे आणि दोन बाळंतिणी आहेत, नीला नाही. त्या डॉक्टरांनाही जाऊन बारा वर्षे झाली. मात्र त्यांचे कंपाउंडर श्री. गुणवंत चौधरी, वय ७१, हे एरंडोल येथे हयात आहेत. डॉक्टरांची रोग्यांची वही त्यांनी जपून ठेवली आहे. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही. पाने अर्जदाराने उलटली. दि. ३-११-६१ च्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिले आहे : 'शांताराम पिंपळवाडेकर यांची दिल्लीची नात, चौदा महिने, घटसर्प, उशिरा आणली, दुपारी मृत्यू.'

'उशिरा आणली' हे दोन शब्द अर्जदाराने बोट ठेवून पुन्हा वाचले, हे तिने का लिहावे ते तिलाही कळत नाही. पण तिने खरे सांगायचे ठरवले आहे.

गुणवंतराव म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी डॉक्टरांबरोबर होतो. अण्णांबरोबर, तुमच्या वडिलांबरोबर, शेतात मीच गेलो. त्यांच्या हातून कुदळ धरवेना. म्हटलं, अण्णा, द्या इकडे."

अर्जदाराने विचारले, "जागा दाखवाल?"

ते काठी घेऊन बसमधून तिच्याबरोबर आले. शेत आता दुसऱ्यांचे आहे. तेथे केळी लावल्या आहेत, विजेचा पंप बसला आहे. गुणवंतरावांनी बांधापासून पावले मोजली, पुन्हा मोजली, मग काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, "इथंच कुठंतरी. ताई, नक्की नाही सांगता येत. डोळे असते तर सांगितलं असतं." पाटाचे पाणी सोडलेले होते. अर्जदार चिखलात उभी राहिली. जागा नक्की कळली असती तर पुढे काय करायचे हे तिने ठरवलेलेच नव्हते.

१०. परत आल्यावर ती पानिपतला गेली. मुलाच्या आई श्रीमती विजयालक्ष्मीबाई यांना तिने सर्व खरे सांगितले. मुलगी सोळाचीही नाही, हेही. त्यांनी शांतपणे ऐकले, चहा केला, अर्जदाराच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "अच्छा, रडू नका. मी चौदाव्या वर्षी आले या घरात. उल्काला आम्ही बारावी करू देऊ, बिल्कुल करू देऊ. आणि हे जे सांगितलंत ते आमच्याजवळ बोलला नाहीत असं समजू या. आम्ही कागद बघून मुलगी केली. कागद अठराचा आहे. पत्रिका वाटून झाल्यात हो!"

त्यांच्या शब्दात कपट नव्हते. परतीच्या बसमध्ये अर्जदाराच्या ध्यानात आले की आता ही गोष्ट जाणणारी माणसे वाढली, तरी लग्न जेथल्या तेथेच आहे.

११. दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, अर्जदाराने उल्काला सांगितले. शाळेची तारीख वेगळी आणि घरची वेगळी, एवढे तिला लहानपणापासून ठाऊक होते. दिल्लीत तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे तसेच आहे. पण ती तारीख कोणा माणसाची आहे, हे तिला ठाऊक नव्हते. आपल्याला बहीण होती हेही नव्हते. ती म्हणाली, "म्हणजे मी एवढी वर्षं तिच्या नावावर… तिच्या डेटवर पेपर देतेय?"

अर्जदार म्हणाली, "हो."

"आणि आता लग्नपण तिच्याच वयावर?"

उल्का म्हणाली, "आई, मला तिचं वय नको. मला माझं दे." मग तिने विचारले की ती कशी होती. सतरा वर्षांत अर्जदाराला हे कोणी विचारलेले नव्हते. तिने सांगितले की चालताना नीला एक हात वर धरून चालायची, कोणी बोट देईल म्हणून.

१२. येथे आणखी एक कबुली दिल्याशिवाय हा खुलासा पुरा होत नाही. १९६७ साली दाखला वापरला तो यजमानांनी सांगितले म्हणून, हे खरे. पण त्यानंतर अकरा वर्षे शाळेचे फॉर्म, फीमाफीचे फॉर्म, सहलीचे संमतिपत्र, सारे अर्जदारच भरत आली. दर वेळी ती ११-९-१९६० लिहीत असे, आणि लिहिताना तिला वाईट वाटत नसे. उलट मनात हिशेब चाले, की यंदा आठ, यंदा दहा, यंदा तेरा. त्या रकान्यात नीला मोठी होत होती. तिला कधी खोडायचे असे अर्जदाराच्या मनात आलेच नाही. चुकीचा कागद घरात आहे याची तिला भीती वाटायला हवी होती. तिला त्याची सोबत वाटली. मृत्यूच्या नोंदीला सतरा वर्षे उशीर का झाला, याचे एवढेच कारण अर्जदाराजवळ आहे. आता तिला स्वतःच्या सहीने लिहून द्यावयाचे आहे की नीला नाही. ते तिने दिले आहे. सोबत जोडले आहे.

१३. हा अर्ज आपणाकडे जाणार असल्याचे यजमानांना सांगितले तेव्हा ते घाबरले. सरकारी नोकराने खोटी जन्मतारीख दिली असे उघड झाले तर खातेनिहाय चौकशी होईल, नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. "माझ्या छातीत एवढं बळ राहिलेलं नाही, प्रभा," असे ते म्हणाले. अर्जदार त्यांना दोष देत नाही. ते तीस वर्षे फायली लिहीत आले आहेत, आणि कागद माणसाचे काय करतो हे त्यांना अर्जदाराहून अधिक माहीत आहे.

काल रविवारी त्यांनी हा अर्ज कच्चा लिहिलेला असताना मागून घेतला आणि सगळा वाचला. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले. पाचव्या परिच्छेदात अर्जदाराने दाखला आपणच कपाटातून काढला असे लिहिले होते. ते त्यांनी खोडले आणि त्या जागी स्वतःचे नाव घातले. अर्जदार म्हणाली, "अहो, राहू द्या. मी नोकरीत नाही. माझं काय जाणार आहे?" ते म्हणाले, "कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची." मग त्यांनी वेगळ्या कागदावर आपला जबाब लिहून सही केली.

परंतु लग्न मोडायला ते अजूनही तयार नाहीत. "पानिपतच्या लोकांना मी शब्द दिलाय. तो माझ्या तोंडानं मी मागे घेणार नाही. साहेबांचा हुकूम येऊ दे, तो दाखवून मी हात जोडीन. हुकूम नाही आला तर सव्वीस तारखेला लग्न होईल." अर्जदाराने पुष्कळ विनवले. याच्या पलीकडे ते येत नाहीत.

म्हणजे, महोदय, यजमान कागदापाशी थांबले आहेत, पानिपतकर कागदापाशी थांबले आहेत, पोलीस, शाळा, नगरपालिका सारे कागदापाशी थांबले आहेत, आणि तो कागद आपल्या सहीखेरीज होत नाही. आज ६ तारीख आहे. वीस दिवस उरले आहेत, त्यातले टपालाचे निराळे.

सबब विनंती की :

(क) कै. नीला बळवंत रणदिवे हिच्या मृत्यूची नोंद पिंपळवाडे येथील पुस्तकात करण्याचा हुकूम व्हावा, आणि त्याची खरी नक्कल हाती मिळावी. तपासणीसाठी अर्जदार सांगाल त्या दिवशी हजर राहील. श्री. गुणवंत चौधरी यांना दिसत नसल्याने त्यांना घेऊन येण्याची जबाबदारी तिची.

(ख) मृत्यूचे कारण लिहिताना डॉक्टरांच्या वहीतला मजकूर आहे तसा घ्यावा. 'उशिरा आणली' हे शब्द गाळण्याची अर्जदाराची मागणी नाही.

(ग) खोट्या तारखेबद्दल जी शिक्षा असेल ती अर्जदाराला व्हावी. फॉर्मवरचे अक्षर तिचे आहे. यजमानांचा जबाब वाचताना त्यांची प्रकृती ध्यानात घ्यावी.

हुकूम वेळेत न पोचल्यास काय करायचे, तेही अर्जदाराने ठरवले आहे आणि आपणापासून लपवीत नाही. २५ तारखेला सकाळी ती त्याच पोलीस चौकीवर जाऊन, आपण शाळेला खोटी तारीख लिहून दिली अशी स्वतःविरुद्ध फिर्याद देणार आहे, आणि अटक होईपर्यंत तेथून उठणार नाही. तिने हेडकॉन्स्टेबलांना तसे विचारूनही पाहिले. ते म्हणाले, असा गुन्हा त्यांनी आजवर लिहिलेला नाही, पण बसायला खुर्ची देतील. वधूची आई कोठडीत असताना कोणी अंतरपाट धरणार नाही, अशी तिची आशा आहे. हा मार्ग घ्यावा लागू नये म्हणून हा अर्ज.

अर्जदाराच्या कच्च्या प्रतीत खाडाखोड फार झाली. म्हणून ही स्वच्छ प्रत तिने सांगितली तशी उल्काने लिहिली आहे. ती दिल्लीत वाढलेली, मराठी लिहिण्याची सवय कमी. विषयाच्या ओळीत ती थांबली आणि तिने विचारले, "आई, नीला. नीची वेलांटी पहिली की दुसरी?"

अर्जदाराने सांगितले, दुसरी.

आपल्या हुकमाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

(सही) सौ. चंद्रप्रभा बळवंत रणदिवे
नवी दिल्ली, दि. ६ नोव्हेंबर १९७८

सोबत :
१. नगरपालिकेचा जन्मदाखला, दि. ११-९-१९६०, मूळ प्रत. (दुसरी प्रत नाही. काम झाल्यावर परत मिळावी.)
२. डॉक्टरांच्या वहीतील दि. ३-११-१९६१ च्या पानाची हस्तलिखित नक्कल, खाली श्री. गुणवंत चौधरी यांचा अंगठा.
३. उल्का हिचा जन्म १९-११-१९६२ रोजी समक्ष झाल्याबद्दल श्रीमती अलकनंदा जोग यांचे प्रतिज्ञापत्र.
४. श्री. बळवंत रणदिवे यांचा जबाब, सहीनिशी.
५. थोरली मुलगी हयात नसल्याबद्दल अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र.
६. लग्नपत्रिका, एक.